मी वाट पाहिली नाही

चिनारबुलाक,
९ मार्च

चि. तुर्सुन,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, सलाम आणि आशीर्वाद. मुनिरालाही माझा सलाम सांग. तुझा पत्ता तिनेच दिला, पण त्यावरून बायकोवर डोळे वटारू नकोस. दोनदा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिला वाटलं, मी आता रडणार. मी रडणार नव्हते, पण तिला तसं वाटू दिलं. फोन केला तर तू उचलत नाहीस. पत्र दारात पडलं की निदान वाकून उचलावं तरी लागतं.

मी बरी आहे. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना गप्प असतात. तंदूर रोज पेटतो. पूर्वी दोन खेपा काढायचे, आता एकच, पण नान अजून तसाच फुगतो. अंगणातल्या जर्दाळूला यंदा घाईने बहर आला आणि मागोमाग थंडी पडली. निम्मा गळला. उरलेला आपल्याला पुरेल.

खोलमत मेला त्याला पंधरा महिने झाले. बघ, त्याचं नाव मी लिहिलं, पुढेमागे काही न लावता. चोवीस वर्षं 'राष्ट्रनायक' म्हटल्याशिवाय या देशात साधा अर्ज पुढे सरकत नव्हता. मी तो शब्द तोंडातून कधी काढला नाही. अगदीच वेळ आली तर 'वरचे' म्हणायचे आणि बोट छताकडे करायचे. लोकांना वाटायचं, मी अल्लाबद्दल बोलते आहे.

बाजारातला त्याचा पुतळा काढला. बूट मात्र निघेनात, सिमेंटमध्ये खोल गेलेत. मुळेवाल्या बायका आता त्या दोन बुटांच्या मध्ये जुड्या मांडतात. कोणी हटकत नाही.

मला मात्र हटकतात. परवा राजधानीहून एक वार्ताहर आला होता. गोरागोमटा, पायात पांढरे बूट. म्हणाला, "आजी, लोक म्हणतात, तुम्ही तेव्हा हो म्हणाला असता तर तो माणूस असा झाला नसता. हजारो जीव वाचले असते. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "नान घ्यायचाय का?"

"नाही, मी फक्त..."

"मग जरा बाजूला हो. मागे माणसं खोळंबलीत."

तो गेला, पण प्रश्न इथेच राहिला. नसीम खाटीक तर रोज म्हणतो, "सआदत आपा, एकदा नुसतं हसून बघितलं असतंस त्याच्याकडे, तर माझी दोन दुकानं राहिली असती." थट्टाच करतो. पण थट्टा रोज केली की ती थट्टा राहत नाही.

तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. तुला आठवतं ते सगळं ऐकलेलं. म्हणून एकदा नीट सांगते.

दुपारची खेप चारला निघायची. आई फळीवर नान रचून द्यायची, मी ती डोक्यावर घेऊन बाजारातल्या तुतीखाली उभी राहायची. खोलमत सव्वाचारला यायचा. कापसाच्या काट्यावरच्या कारकुनाचा मुलगा, कॉलरला रोज इस्त्री. एक नान घ्यायचा आणि समोर घड्याळवाल्याच्या टपरीपाशी उभा राहायचा, माझी फळी रिकामी होईपर्यंत. बोलायचा नाही. सबंध हिवाळा हे चाललं. मग एक दिवस त्याची आईच एक पोतं घेऊन आली आणि माझ्यासमोर ओतलं. दगड झालेले नान. म्हणाली, "पोरी, माझ्या मुलाला नान विकू नकोस गं. खात नाही, मला टाकू देत नाही, उशाशी रचून ठेवतो. घरात उंदीर झालेत." बिचारी चांगली बाई होती.

मार्चमध्ये फळीवरच्या कापडाखाली चिठ्ठी सापडली. सुंदर अक्षर. 'मी सैनिकी शाळेत जातो आहे. चार वर्षांनी अधिकारी होऊन येईन आणि तुला घेऊन जाईन. तोवर माझी वाट बघ. दुसऱ्या कोणाकडे बघू नकोस. मला कळेल.' चिठ्ठीत एकही प्रश्न नव्हता. मी तीनदा वाचली, प्रश्नचिन्ह कुठे आहे म्हणून.

मी ती कोणाला दाखवली नाही, फाडली नाही, मैत्रिणींत हसले नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा नानाबरोबर त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, "ही तुझी."

"तू पूर्ण वाचली नाहीस."

"वाचली. मी वाट बघणार नाही."

"का?"

"मला तू आवडत नाहीस."

चिठ्ठीची घडी खिशात घातली, नान घेतला, गेला. पुढच्या आठवड्यात गाव सोडलं. तेव्हा आमच्यात झालेलं सगळं बोलणं हे एवढं. शाळेच्या पुस्तकात त्याची चार पानं झाली.

लोक विचारतात, तुला तेव्हाच काही दिसलं होतं का? काही दिसलं नव्हतं. सैतान वगैरे तर मुळीच नाही. दुकानाच्या काचेतल्या वस्तूकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघायचा, ते मला आवडायचं नाही, आणि म्हणून तोही आवडायचा नाही. मुलीकडे याहून मोठं कारण असावंच लागतं का?

चौथीच्या पुस्तकात लिहिलं होतं की मी त्याच्यासाठी पांढऱ्या रेशमाच्या टोपीवर नक्षी भरली, बापाने मला दुसरीकडे दिली, आणि ती टोपी उराशी धरून मी रडले. त्या वसंतात मी टोपी भरली होती हे खरं. ती कोणाची होती ते तुला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मला चौकशी आयोगाच्या कचेरीत बोलावलं होतं. जुनी कागदपत्रं आता ज्याची त्याला वाचायला देतात. दोन तास बसले होते. त्याबद्दल पुढे कधीतरी. चहा निवला.

सोबत वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी पाठवते आहे. मागच्या वर्षीचे आहेत, पण गोड आहेत. उत्तर लिही.

तुझी,
आपा


चिनारबुलाक,
२ एप्रिल

चि. तुर्सुन,

सलाम, आणि नवरोजच्या उशिरा का होईना, शुभेच्छा. तुझं पत्र पोचलं. चार ओळी. 'आपा, मी ठीक आहे. मुनिरा ठीक आहे. जुनं उकरू नकोस. जर्दाळू पाठवू नकोस, मला दात नाहीत.' त्या चार ओळी मी आठवडाभर खिशात घालून फिरले. जर्दाळू रात्रभर भिजत घाल आणि सकाळी कुस्करून खा. दातांचं निमित्त सांगू नकोस.

आणि उकरायचं म्हणशील तर मी उकरणार आहे. मी सहासष्ट वर्षांची झाले. गेल्या पत्रात मी सतरा वर्षांच्या पोरीची गोष्ट सांगितली, कारण ती सांगायला सोपी आहे. पन्नास वर्षांच्या बाईची गोष्ट मी आजवर एकट्या इनायतला सांगितली होती, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली. तुझा सख्खा मेहुणा, तरी त्याच्या मातीलाही तू आला नाहीस.

तुला धरून नेलं त्याचं तिसरं वर्ष चालू होतं. तू पाटबंधारे खात्याच्या सभेत उठून म्हणालास की नव्या कालव्याचा बांध पाणी धरणार नाही. कालव्याला खोलमतचं नाव दिलेलं होतं. पुढे बांध फुटला, आणि तो तू बोललास म्हणून फुटला असं कोर्टाने ठरवलं. बारा वर्षं, उत्तरेकडच्या मिठाच्या खाणीत. आई रोज विचारायची, कोणाकडे अर्ज करायचा? मी अर्ज करत होते. सतरा केले.

ऑक्टोबरमध्ये दारात काळी गाडी आली. मला वाटलं, आता माझी पाळी. राजधानीत नेलं, एका मोठ्या घरात बसवलं, चहा दिला. दुपारचे दोन वाजले असतील. मग तो आला. एकटाच. जाड झाला होता. कॉलर मात्र तशीच. टेबलावर नान होता, आपल्याकडचा नव्हे, तिकडचा पातळ.

म्हणाला, "सआदत, तू बदलली नाहीस."

मी म्हटलं, "मला आरसा आहे घरी."

तो हसला. मग समजावून सांगावं तसं सांगायला लागला. मुलांसाठी पुस्तक करताहेत. त्यात त्याच्या तरुणपणाचं एक प्रकरण आहे. मी फक्त माझ्या शब्दांत सांगायचं, त्यांचा माणूस टिपून घेईल. मी त्याची वाट पाहिली, पण बापाने इनायतशी लावून दिलं. एवढंच.

"मी वाट पाहिली नाही," मी म्हटलं.

"तू सतराची होतीस. तुला आठवत नसेल."

"मला चांगलं आठवतं."

तो बराच वेळ नानाचे तुकडे करत राहिला. खात नव्हता. मग वर न बघता म्हणाला, "तुझा भाऊ नवरोजला घरी येऊ शकतो."

तुर्सुन, आता मी जे लिहिते आहे ते शांतपणे वाच. मी त्याला म्हटलं, मला विचार करू दे. तो म्हणाला, चहा पी. मी दोन पियाले चहा प्यायले. तेवढा वेळ मी विचार केला. आईचा केला, तुझ्या पायांचा केला, कारण तुझी दोन बोटं थंडीत गेल्याचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. एक वाक्य. खोटं तर खोटं. रोज माणसं त्याहून मोठी खोटी बोलत होती आणि संध्याकाळी मुलांना घेऊन जेवायला बसत होती.

मी पियाला खाली ठेवला आणि म्हटलं, "खोलमत, मला तू तेव्हा आवडला नाहीस. आता विचारशील तर आताही नाही."

तो चिडला नाही. घड्याळ बघितलं. दाराबाहेरच्या माणसाला म्हणाला, "बाईंना घरी सोडा."

घरी येऊन इनायतला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा अडखळत म्हणाला, "म्ह-म्हणून टाकायचं होतंस. मला काय फरक पडला असता? लोक म्हणाले असते, इनायतने राष्ट्रनायकाची बायको पळवली. माझा भाव वाढला असता." मग माझा चेहरा बघितला, आणि पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

मी का नाही म्हटलं? मला स्वतःलाच मी पुष्कळ कारणं देऊन पाहिली. की एका कागदावर सही केली की दुसरा कागद येतो. की तो शब्द पाळणारा नव्हता. दोन्ही खरी आहेत, पण त्या वेळी माझ्या मनात त्यांतलं एकही नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं, की याने देश घेतला, कालवा घेतला, भाऊ घेतला, आता याला माझं सतरावं वर्षही हवं आहे. ते मी देणार नाही. हट्ट म्हण. मी हट्टच म्हणते.

तीन वर्षांनी, जानेवारीत, आई गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिचे पाय चेपत होते तेव्हा तिने विचारलं, "सआदत, खरंच कोणीच नाही का गं, ज्याच्या पाया पडता येईल?" मी म्हटलं, "नाही, आई. कोणीच नाही." हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. इनायतलाही नाही.

तू शिक्षेच्या आठव्या वर्षी सुटलास. घरी दोन दिवस राहिलास, माझ्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाहीस, आणि मुनिराला घेऊन तिकडे रेल्वेच्या गावी निघून गेलास. मी समजले, तुला कोणीतरी सांगितलं असणार: तुझ्या बहिणीच्या एका शब्दावर तू सुटला असतास, आणि ती बोलली नाही. अकरा वर्षं मी तसंच समजत होते. तुझा राग रास्त आहे, असं म्हणून गप्प बसले.

आता कचेरीचं सांगते.

आयोगाची शहनोज म्हणून एक मुलगी आहे, तिने माझी फाइल समोर ठेवली आणि पाण्याचा पेला भरून ठेवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यात एक जबाब आहे. 'माझी बहीण राष्ट्रनायकांवर प्रेम करत होती. तिने त्यांच्यासाठी पांढऱ्या रेशमाची टोपी भरली. ती टोपी उराशी धरून रडताना मी तिला डोळ्यांनी पाहिलं.' खाली सही. सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती खोड तुझी सहावीपासूनची आहे, मास्तरांनी त्यावरून तुझे कान पिळले होते.

मी आधी हसले. शहनोज घाबरली. टोपी तुझीच होती ना रे. तू खोटंसुद्धा घरातलंच सामान वापरून बोललास. मग मात्र बराच वेळ मला अक्षरं दिसेनात.

मग तारीख बघितली. आई गेल्याची बातमी तुला दिली त्यानंतर अकराव्या दिवसाची सही आहे. आणि पानाच्या तळाशी दुसऱ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'कैद्याने आईच्या कबरीवर जाण्याची परवानगी मागितली. नाकारली.' त्यानंतरही दोन वर्षं त्यांनी तुला ठेवून घेतलं. तुझ्याकडून माल घेतला आणि तुला काही दिलं नाही.

मी दुखावले नाही असं लिहिणार नाही. तुझ्या जबाबावर रचलेल्या त्या पाठामुळे बारा वर्षं शाळेतल्या पोरी मला बोटाने दाखवायच्या. सबंध गल्लीची वीज जायची, 'वरच्यां'च्या हुकमाने माझ्या एकटीच्या घरात दिवा राहायचा. इनायत उठून आपल्या हाताने फ्यूज काढायचा आणि आम्ही शेजाऱ्यांसारखे अंधारात बसायचो. तरी शेजारी म्हणायचे, नाटकं करतात. हे सगळं तुझ्या त्या तीन वाक्यांनी झालं.

आणि ती तीन वाक्यं तुला का बोलावी लागली, तर मी एक बोलले नाही म्हणून. यातून मला वाट सापडत नाही. मी शोधतही नाही. पण तरी तुला सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसले आहे: उद्या मला उचलून पुन्हा त्या खोलीत बसवलं, समोर तोच चहा ठेवला, तर मी पुन्हा तेच म्हणेन. तुझी बोटं माहीत असून. आईचा प्रश्न माहीत असून.

एकवीस तारखेला थेटरात आयोगाची जाहीर बैठक आहे. माझी फाइल वाचणार आहेत. ज्याची फाइल, त्याला खोट्या साक्षीदाराचं नाव झाकता येतं किंवा उघडं ठेवता येतं. शहनोजने मला विचारलं. मी म्हटलं, ज्याचं नाव आहे त्याला विचारते. नाव उघडं ठेवू का? वीस तारखेपर्यंत हो की नाही, एक शब्द लिही. काही आलं नाही तर मी झाकायला सांगेन.

दात नसले तरी जेवत जा.

आपा


चिनारबुलाक,
२३ एप्रिल

तुर्सुन,

तू दोनशे मैल बसने आलास आणि थेटरापासून दहा मिनिटांवरच्या माझ्या दारात आला नाहीस. सलाम नंतर करते.

तू निम्म्यात आलास, त्यामुळे आधी काय झालं ते तुला माहीत नाही, आणि तू गेल्यावर काय झालं तेही नाही. दोन्ही सांगते.

तुझं पत्र आलं नाही. मी शहनोजला सकाळीच सांगितलं, नाव झाक. थेटर गच्च भरलं होतं. इनायत ज्या दिव्यांसाठी उभं आयुष्य शिडीवर चढला-उतरला ते सगळे लावले होते. मी पहिल्या रांगेत बसले. माझ्या मागे ओयदिन बसली होती. तुला आठवत असेल, लोकर पिंजणारी. तिचे दोन मुलगे नऊ वर्षांपूर्वी चौकातल्या गोळीबारात गेले, एकाच दिवशी.

शहनोज वाचायला उठली तेवढ्यात ओयदिनच उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "सआदत, आपण एका गल्लीत म्हाताऱ्या झालो. मी खोटं कशाला बोलू? मी रोज रात्री म्हणते, हिने तेव्हा एक हो म्हटलं असतं तर. माझ्या तोंडातून ते जातच नाही."

सगळं थेटर माझ्याकडे बघायला लागलं. नसीम खाटीकही, पांढऱ्या बुटांचा तो वार्ताहरही. मी उठले. गुडघ्यांनी साथ दिली.

मी म्हटलं, "ओयदिन, तुझ्या मुलांवर गोळ्या झाडायचा हुकूम दिला तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याला बायको मिळाली, तीन मुलं झाली, महाल झाले, अर्ध्या देशाला त्याचं नाव मिळालं. एवढं सगळं मिळालेला माणूस एका नानवालीने नाही म्हटलं म्हणून तुझी मुलं मारतो, हे तुला पटतं?"

ती खाली बसली.

"मुलीने नाही म्हटलं की घरी जाऊन रडायचं असतं. माझ्या इनायतला माझ्याआधी एकीने नाही म्हटलं होतं. तो महिनाभर जेवला नाही, मग दिवे दुरुस्त करायला लागला. या थेटरात मुलीकडून 'नाही' ऐकलेले पुरुष किती असतील? हात वर करा बघू."

आधी कोणी करेना. मग नसीमने केला. लोक हसले. मग इकडे एक, तिकडे एक, असे पुष्कळ हात वर आले. मास्तरांनीसुद्धा केला, या वयात.

मी म्हटलं, "बघ ओयदिन. यातल्या कोणी खाण उघडली नाही. आणि देश वाचवायला सतरा वर्षांची पोर द्यायची होती म्हणता, तर तुम्ही मोठी माणसं तेव्हा काय करत होतात? मी नाही म्हटलं. त्याला नाही म्हणणारे या गावात फार थोडे निघाले. मला माझ्या त्या नाहीची लाज वाटत नाही. आजवर वाटली नाही, पुढे वाटणार नाही."

मी बसले. तेव्हा शहनोजने वाचायला सुरुवात केली, आणि बहुधा तेव्हाच तू आत आलास. आधी राजधानीतल्या भेटीची नोंद वाचली. माझं वाक्य त्यांच्या माणसाने जसंच्या तसं टिपलं होतं, ते मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "यानंतर एका कैद्याचा जबाब."

आणि मागून तुझा आवाज आला. "एक कैदी नाही. तुर्सुन, करीमबायचा मुलगा. सआदत माझी बहीण. मी लिहिलं ते खोटं होतं. टोपी माझी होती."

मी मागे वळले नाही. वळले असते तर बोलता बोलता तू थांबला असतास. तुझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग वळले, तर दार हलत होतं.

तुझ्यामागे मी निघाले, पण रांगेतून वाट मिळेना. बाहेर आले तोवर बस गेली होती. मी पायरीवर बसले. ओयदिन हळूहळू आली आणि माझ्या शेजारी टेकली. मला वाटलं, आता काही जुनं काढेल. ती म्हणाली, "त्याला जेवायला थांबवायचं तरी. अंगावर मांस नाही राहिलं पोराच्या." मी म्हटलं, "थांबला नाही." ती म्हणाली, "तुम्ही सगळीच तशी." आणि आपल्या ओढणीने माझं तोंड पुसलं. मला कळलंच नव्हतं.

नसीम येऊन उभा राहिला. आज सकाळी त्याने मेंढीचं मांस घरी आणून ठेवलं, खिम्यासारखं बारीक केलेलं. म्हणाला, "दात नसलेल्या माणसासाठी आहे." हे त्याला कोणी सांगितलं असेल ते तू ओळखशीलच. मी आता काही झाकत नाही.

तुर्सुन, तू माझी माफी मागितली नाहीस, तेव्हा ती देण्याचा प्रश्न येत नाही. मीही तुझी मागणार नाही. मी नाही म्हटलं ते बरोबर होतं, आणि तुझी बोटं गेली तीही खरीच. आईच्या कबरीसाठी तू सही केलीस, ती चूक होती, आणि तुझ्या जागी असते तर अकराव्या दिवसाची वाटही मी पाहिली नसती, हेही खरं. हे सगळं एका घरात राहू शकतं. आपण दोघं का नाही?

गुरुवारच्या बसने मी येते आहे. मुनिराला सांगितलं आहे, तिला चालेल. तुला चालेल का हे मी विचारलेलं नाही. खिमा घेऊन येते, कणीक तिथे मळेन. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन. बसण्यात मला कोणी हरवलेलं नाही. शुक्रवारी आपण तिघं परत इकडे येऊ आणि आईकडे जाऊ. कबरीवर जायची परवानगी आता कोणाकडे मागावी लागत नाही.

पाठ्यपुस्तकात काय छापलं होतं ते छापलं होतं. मी कोण आहे ते खाली माझ्या हाताने लिहिते.

इनायतची बायको आणि तुझी बहीण,
सआदत